सत्तेचाळीस हॉल तिकिटं

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात मी चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. शेवटची सहा वर्षं गुणवत्ता समितीचा सचिवही होतो. मुलांना कॉलेजात काय अनुभव येतो आणि त्यांचं शिक्षण कितपत तडीला जातं, हे मोजून विद्यापीठाला कळवायचं काम माझ्याकडे होतं. ते काम मला येतं, असं मी समजून चाललो होतो. खरं म्हणजे ते मला परीक्षा विभागातल्या एका क्लार्क बाईंनी शिकवलं. त्यांची ही हकिगत.

दर फेब्रुवारीत आम्ही मुलांकडून एकवीस प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचो. शिक्षक वेळेवर येतात का, शिकवलेलं समजतं का, ग्रंथालयात पुस्तकं मिळतात का. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. पूर्वी हे कागदावर चालायचं, करोनानंतर मोबाइलवर. गुणांची सरासरी काढायची, रंगीत आलेख जोडायचे आणि अहवाल पाठवून द्यायचा. २०२३ साली सरासरी आली पाचपैकी चार पूर्णांक तीन. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये आकडा वाचून दाखवला, टाळ्या झाल्या, आणि त्यातल्या थोड्या माझ्यासाठी होत्या म्हणून मीही खूश होतो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दमयंती शिवलकर माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. वय अठ्ठेचाळीस, अंगाने सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी बाई. माहेर आणि सासर दोन्ही शहराजवळच्या मिऱ्याचंच. आई गंगुबाई आयुष्यभर मासळी बाजारात बसली. नवरा लवू ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट त्याच्या हुकमाने चालते. दमयंतीबाई कॉलेजात आधी शिपाई म्हणून लागल्या, बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर झाल्या आणि मग क्लार्क. त्यांच्या खिडकीपुढे मुलं रांग मोडत नसत.

"पाध्ये सर, एक विचारू?"

"विचारा की."

"आपला तो फेब्रुवारीचा फॉर्म, तो ह्यांनी भरला होता का?"

त्यांनी रबरबँड लावलेला एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. पहिल्या वर्षाच्या सायन्सची हॉल तिकिटं होती ती. परीक्षा सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि ही तिकिटं न्यायला कोणी आलंच नव्हतं. सत्तेचाळीस. वर्गात प्रवेश झाले होते दोनशे चौदा.

"गळती असतेच," मी म्हणालो. "दरवर्षी असते."

"असते ना. पण कॉलेज कसं आहे हे आपण विचारतो, तर जी सोडून गेली त्यांना नको का विचारायला?"

"आता ती आपली विद्यार्थी राहिली नाहीत, मॅडम. त्यांची माहिती आणणार कुठून?"

"पत्ते आहेत की, सर. प्रवेश अर्जावर."

त्या गेल्यावर मी सहज म्हणून संगणकात पाहिलं. सत्तेचाळीसपैकी तिघांनी फॉर्म भरला होता. तिघांनीही एकवीसच्या एकवीस प्रश्नांना पाचपैकी पाच दिले होते. पाच देणारी मुलं दोन महिन्यांत कॉलेज का सोडतात, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, काही मुलं डोळे झाकून बोट दाबतात. मी फाइल बंद केली.

दमयंतीबाई थांबल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्या एकेक नंबर लावायला लागल्या. चौदा नंबर बंद होते. बाकीच्यांकडून उत्तरं आली ती साधारण एका साच्याची: तब्येत बरी नाय, घरी काम हाय, मुंबईला मामाकडे गेलाय. चार दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "फोनवर लोक असंच काहीतरी सांगतात, सर, की लगेच फोन ठेवता येईल. घरी जायला हवं."

"सत्तेचाळीस घरं?"

"सगळी एका दिवसात थोडीच जायची आहेत?"

मी जरा चिडूनच विचारलं, तुम्ही हे एवढं मनावर का घेताय? तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं.

१९९४ साली त्या याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होत्या. माझ्याच वर्गात. जानेवारीत गंगुबाईला टायफॉइड झाला आणि तीन आठवडे दमयंती आईच्या जागेवर बाजारात बसली. आई उठून बसल्यावर ती कॉलेजात आली, तर फळ्यावर यादी लागलेली: 'गैरहजेरीमुळे नावे कमी केलेले विद्यार्थी.' त्यात तिचं नाव. नाव कमी केलं म्हणजे संपलं, असं तिला वाटलं. ती फाटकातूनच मागे फिरली. प्राचार्यांना साधा अर्ज दिला असता तर नाव परत लागलं असतं, हे तिला कळलं बारा वर्षांनी, शिपाई म्हणून तशाच एका मुलाचा अर्ज आत नेऊन देताना.

"मला कोणी विचारायला घरी आलं असतं तर मी परत आलेच असते, असं नाही म्हणत," त्या म्हणाल्या. "पण दार तर वाजलं असतं."

ती यादी मी केली होती. महिना संपताना हजेरीपटावर लाल शाईने रेघ मारायचं काम तेव्हा वर्गशिक्षक करत, आणि वर्गशिक्षक मीच होतो. दमयंतीबाईंनी तो विषय पुढे नेला नाही.

प्राचार्यांची परवानगी मागायला आम्ही दोघं गेलो. ते म्हणाले, "रविवारी तुम्ही कुठे जाता याला माझी परवानगी कशाला? फक्त अधिकृत सर्वेक्षण वगैरे म्हणू नका. उद्या पालक भांडायला आले तर मला माहीत नाही."

"चालेल," दमयंतीबाई म्हणाल्या.

माझ्या एकवीस प्रश्नांचा फॉर्म मी त्यांच्या हातात द्यायला गेलो. त्यांनी तो वाचला आणि परत केला. त्यांच्या वहीत एकच प्रश्न होता: कॉलेजात शेवटचा आलास, तो दिवस सांग. 'का सोडलंस' असं विचारलं की मुलं लाजतात नाहीतर सारवासारव करतात. दिवस विचारला तर आठवून सांगतील, असा त्यांचा हिशेब.

पहिल्या रविवारी त्या लांज्याच्या पुढच्या एका वाडीत गेल्या. अक्षया आग्रे हिच्या घरी. हायवे सोडून सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळावरून, अर्धा तास चालत जावं लागलं. घरात अक्षयाची आई होती. मुलगी कामावर गेली होती, लांज्याच्या काजू फॅक्टरीत. हंगाम जोरात असल्यामुळे रविवारीही काम होतं.

"बसा बाय," आई म्हणाली. "पण तिला आता कायबी बोलू नका हां. कॉलेजचं नाव काढलं की जेवत नाय ती."

दमयंतीबाई तीन तास बसल्या. मधल्या वेळात त्यांनी अक्षयाच्या आईबरोबर ओटीवर वाळत घातलेली कोकमं उलटवली. अक्षया आली तेव्हा तिची बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली होती. दमयंतीबाईंना बघून ती दारातच थबकली.

"मॅडम, फी परत मागितली नाय आम्ही."

"ठाऊक आहे. मी दुसऱ्याच कामाला आले. तू शेवटची कॉलेजात आलीस ना, तो दिवस मला सांग."

अक्षया ओटीच्या कडेला येऊन बसली. मग बोलायला लागली तशी तारीखवार बोलली. गुरुवार होता. साडेसातचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. ती साडेपाचला घरातून निघायची, पण त्या वर्षी गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे गेली होती आणि गाडी रत्नागिरीला पोचायची आठ वाजून पाच मिनिटांनी. "एप्रन मी गाडीतच घालायची, मॅडम. तेवढीच दोन मिनिटं वाचतात. लोक बघायचे. त्या दिवशी पोचले तर लॅबचं दार आतून बंद. काचेतून सगळी दिसत होती, बर्नर पेटलेले. दार वाजवायला हात उचलला मी. आधी तीनदा वाजवलं होतं. चौथ्यांदा नाय वाजवलं. जिन्यावर बसून एप्रन काढला आणि पुढच्या गाडीने घरी आले."

"घरी काय सांगितलंस?"

"डोकं दुखतं म्हणून."

फेब्रुवारीच्या फॉर्मवर पाचपैकी पाच देणाऱ्या तिघांपैकी ती एक होती. फॉर्म भरून घेतला तेव्हा सर बाकांमधून फिरत होते, भरला का दाखवा म्हणत होते. तिने सगळीकडे पाच दाबले आणि मोबाइल दाखवला. त्यानंतर पंधरा दिवसांत तो गुरुवार आला.

सोमवारी दमयंतीबाईंनी वही माझ्यापुढे ठेवली. अक्षयाचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं उतरवलं होतं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूने झालो.

सगळी घरं अशी उघडली नाहीत. सावर्ड्याला एका मुलाच्या वडिलांनी त्यांना अंगणातच अडवलं. "आमच्या पोराची चौकशी करायला तुम्ही कोण? पोलिस?" शेजारी बाहेर येऊन बघायला लागले. दमयंतीबाई नमस्कार करून निघाल्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मुलगाच रस्त्यापर्यंत आला आणि म्हणाला, मॅडम, मला शिकायचंच नव्हतं, बाबांच्या हट्टापायी प्रवेश घेतला, आता दुकानात बसतो आणि बरा आहे. त्यांनी तेही लिहून घेतलं. अशी सहा मुलं निघाली. त्यांना कॉलेजविषयी काही तक्रार नव्हती, परत येण्याची इच्छाही नव्हती. तीन मुलींची लग्नं ठरली होती. एकीने लग्नानंतरही शिकणार म्हणून निक्षून सांगितलं, दोघींनी मान खाली घातली.

जूनमध्ये मासेमारीची बंदी लागली आणि बोट किनाऱ्याला आली, तशी लवूने मोटरसायकल काढली. तोवर दमयंतीबाई एसटीने फिरत होत्या. लवू कमी बोलणारा माणूस. घरात जायचा नाही, बाहेर दगडी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बांधावर, बसून राहायचा. पण लांबची गावं आता जमायला लागली. अशाच एका रविवारी दोघं लोट्याला गेले.

ओमकार भुवड तिथल्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला होता. पहिली पाळी तीनला सुटते. कंपनीच्या बस उभ्या राहतात त्या कोपऱ्यावर, चहाच्या टपरीत, तो त्यांना भेटला. अंगाला रसायनाचा उग्र वास, भुवयांवर पांढरी पूड. बारावीला त्र्याऐंशी टक्के मिळवलेला मुलगा.

"शेवटचा दिवस म्हणजे निकालाचा, मॅडम," तो म्हणाला. "पहिल्या सत्राचा. सगळ्यांनी मोबाइलवर बघितला. सगळ्यांच्या नावापुढे आकडे, माझ्यापुढे दोन अक्षरं. आर आर. रूमवरच्या पोरांना विचारलं. ते म्हणाले, एक आर म्हणजे रिपीट, दोन आर म्हणजे दोन्ही विषयांत रिपीट. मला वाटलं, एवढा अभ्यास करून जर हे, तर आपलं काम नाय. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आलो."

"ओमकार, आरआर म्हणजे नापास नव्हे. निकाल राखीव. एखादा कागद पोचला नसला की विद्यापीठ निकाल थांबवून ठेवतं. कागद गेला की निकाल लागतो."

ओमकारने चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे मी पास हाय?"

"ते अजून सांगता येत नाही. कुठला कागद राहिला ते उद्या बघते."

सोमवारी साडेनऊला त्यांनी कपाट उघडलं. ओमकारच्या गटाची प्रॅक्टिकलच्या गुणांची यादी दोन पानी होती. पहिलं पान स्कॅन होऊन विद्यापीठाला गेलं होतं. दुसरं पान टाचणीत अडकून दुसऱ्याच विषयाच्या फाइलीला चिकटलं होतं. त्यावर नऊ नावं, आणि खाली 'तपासले' म्हणून सही: द. ल. शिवलकर.

नऊपैकी दोघांनी जानेवारीत खिडकीवर येऊन विचारलं होतं. तेव्हा सगळे कार्यालयवाले देतात तेच उत्तर त्यांनी दिलं होतं: विद्यापीठाकडे अडकलंय, येईल. ते दोघं वर्गात टिकले. उरलेले सात त्या सत्तेचाळिसांत होते.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा रडत नव्हत्या. चेहरा मात्र आजाऱ्यासारखा दिसत होता. "सर, मी जगभर विचारत फिरतेय मुलं का गेली. सात तर माझ्याच कपाटात होती."

मी म्हणालो, पान आत्ता पाठवून द्या, निकाल लागतील, कोणाला कळायचंही नाही. ऑफिसमधल्या बाकीच्यांचं म्हणणंही तेच. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?

त्यांनी दोन्ही केलं. पान त्याच दिवशी पाठवलं, आणि प्राचार्यांना लेखी दिलं की चूक माझी आहे, सात विद्यार्थ्यांचं त्यामुळे वर्ष गेलं आहे, आणि इथून पुढे राखीव निकाल लागलेल्या प्रत्येक मुलाला परीक्षा विभागाने स्वतः फोन करून त्याचा अर्थ मराठीत सांगावा. त्यांना मेमो मिळाला. त्या वर्षीची वेतनवाढ लांबली. पुढच्या रविवारी त्या पुन्हा लोट्याला गेल्या. एवढ्या पावसात कशाला, फोनवर सांग, असं लवू म्हणाला, तर म्हणाल्या, "फोनवर सांगण्यासारखं नाही हे."

ओमकारची आई या खेपेला त्याच्या खोलीवर आली होती, खेडजवळच्या त्यांच्या गावाहून. दमयंतीबाईंनी दोघांसमोर सरळ सांगितलं, "कागद माझ्याकडून राहिला. चूक माझी."

"चार महिने मी पोती उचलतोय, मॅडम," ओमकारचा आवाज चढला. "बॉयलरजवळ. चार महिने! आणि तुमी आता सांगताव टाचणी?"

"हो."

"माझं वर्ष गेलं त्याचं काय?"

"ते मला परत देता येणार नाही. जुलैत पुन्हा प्रवेश देता येईल. फॉर्म, निकाल, सगळं मी बघेन. तुला माझ्यावर भरवसा ठेवायचा नसेल तर पाध्ये सरांचा नंबर देते."

ओमकार उठून निघून गेला. आई मात्र बसून राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाय, आमच्या दारात आजपर्यंत कोणी चूक सांगायला आलेलं नाय. तो येईल. रागावलाय, पण येईल."

अठरा दिवसांनी निकाल लागला. ओमकार चांगल्या गुणांनी पास झाला होता. तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला, परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर उभा राहिला आणि प्रवेश अर्ज आत सरकवला. दमयंतीबाईंनी तो उभ्यानेच तपासला, दोनदा.

तोवर सत्तेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांची भेट झाली होती. वह्या माझ्याकडे आल्या आणि मी माझ्या कामाला लागलो. नुसत्या कहाण्या समितीपुढे टिकत नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी त्यांच्याशेजारी टिकलेल्या मुलांची माहिती मांडली: गाव, पहिली गाडी कधी पोचते, प्रॅक्टिकलची बॅच कोणती. एक्केचाळीसपैकी एकोणीस जणांच्या शेवटच्या दिवसात बंद दार नाहीतर न सही झालेलं जर्नल होतं. हे एकोणीस जण गाडीने येणारे, हे दिसतच होतं. पण त्याच गावांतून, त्याच गाडीने येणारी दुसरी मुलं टिकली होती. ती का टिकली?

दोन दिवस माझं डोकं चाललं नाही. तिसऱ्या दिवशी मी यादी आडनावांनुसार लावली आणि उत्तर समोर आलं. गेलेले सगळे ए ते एम या अक्षरांतले. टिकलेले बहुतेक एन ते झेड. आम्ही बॅच पाडायचो त्या रोल नंबरवर, आणि रोल नंबर इंग्रजी वर्णमालेप्रमाणे. वर्णमालेतल्या पहिल्या निम्म्यांचं प्रॅक्टिकल साडेसातला, उरलेल्यांचं दहा चाळीसला. अक्षयाचं आडनाव आग्रेऐवजी साळवी असतं तर तिला दार उघडं मिळालं असतं. वीसेक वर्षं आम्ही हीच पद्धत चालवत होतो आणि कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता.

जुलैच्या समितीच्या बैठकीत मी दमयंतीबाईंना बोलवायचा आग्रह धरला. क्लार्कना समितीत जागा नसते, असं एकाने लक्षात आणून दिलं. त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. मी तक्ता दाखवला. प्राचार्यांनी तो लक्ष देऊन पाहिला आणि म्हणाले, "पाध्ये सर, वाईट वाटतं. पण आपण काय करणार? एसटीचं टाइमटेबल आपल्या हातात नाही."

दमयंतीबाई उठून उभ्या राहिल्या. "एसटीचं नको, सर. आपलं बदलू."

केमिस्ट्रीचे विभागप्रमुख म्हणाले, लॅब एकच आहे, दुसरी बॅच कुठे घेणार? त्यावर दमयंतीबाईंनी पिशवीतून नवी यादी काढली. वेळा त्याच, लॅब तीच, बॅचही दोनच. फक्त पहिल्या बॅचमध्ये शहरातली आणि खोली घेऊन राहणारी मुलं, दुसऱ्या बॅचमध्ये गाडीने येणारी. रोल नंबर ज्याचे त्याला. नव्या वर्षाच्या दोनशे मुलांच्या पत्त्यांवरून त्यांनी ती बनवून आणली होती.

"शहरातल्या पालकांनी विचारलं, आमच्याच मुलांना सकाळी का, तर?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"तर त्यांना माझ्या खिडकीवर पाठवा."

खोलीत कोणीतरी हसलं. प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी यादी आपल्याकडे ओढून घेतली, पानं उलटली आणि तळाला सही केली. सही करताना म्हणाले, "बघू एक वर्ष."

ते वर्ष गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये परीक्षेला न आलेल्या मुलांचा आकडा एकवीसवर आला. शून्य झाला नाही, आणि तो होईल असं दमयंतीबाईंनी कधी म्हटलंही नव्हतं. त्या सात राखीव निकालांपैकी पाच जण परतले. बंद दारवाल्या एकोणिसांतले सहा.

अक्षया परतली नाही. दमयंतीबाई तिच्याकडे चार वेळा गेल्या. बॅच बदलल्याचं सांगितलं, तिच्यामुळेच ती बदलली हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "चांगलं झालं, मॅडम. पण मला परत त्या दाराशी उभं नाय राहायचं." दमयंतीबाईंनी आग्रह धरला नाही. पुढच्या खेपेला त्या मुक्त विद्यापीठाचा अर्ज घेऊन गेल्या. वर्ग फक्त रविवारी, आणि रविवारची फॅक्टरीतली पाळी मालकाशी बोलून अक्षयाने स्वतः बदलून घेतली.

विद्यापीठाने पुढच्या हिवाळ्यात 'विद्यार्थ्यांचे अनुभव आणि शैक्षणिक यश' या विषयावर परिसंवाद ठेवला. मी निबंध पाठवला तो दोघांच्या नावाने, त्यांचं नाव आधी. आयोजकांकडून फोन आला की पहिल्या लेखिकेचा हुद्दा चुकून 'कनिष्ठ लिपिक' पडलाय का. मी म्हणालो, बरोबर आहे. दमयंतीबाई व्यासपीठावर सात मिनिटं बोलल्या. आकडे मी सांगितले; त्यांनी वहीतली दोन पानं वाचली, एक अक्षयाचं आणि एक त्यांच्या स्वतःच्या चुकीचं. दुसरं पान वाचू नका असं मी आदल्या दिवशी सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, मग पहिलंही वाचायला मला तोंड राहणार नाही.

प्रश्नोत्तरांत एका प्राध्यापकांनी विचारलं, "ही पद्धत फारच वेळखाऊ आहे. तुमचा प्रश्न ऑनलाइन फॉर्ममध्ये घालता येणार नाही का?"

"येईल की," त्या म्हणाल्या. "पण मग जी भरतात तीच भरतील."

मी २०२४ मध्ये निवृत्त झालो. ओमकार यंदा तिसऱ्या वर्षाला आहे; दमयंतीबाईंशी तो अजूनही मोजकंच बोलतो, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना निकालाची अक्षरं समजावून सांगायला दर जानेवारीत खिडकीबाहेर टेबल टाकून बसतो. कॉलेजात आता एप्रिलची वाट कोणी पाहत नाही. एखादं मूल सलग आठ दिवस आलं नाही की वर्गशिक्षकाकडून चिठ्ठी परीक्षा विभागात येते, आणि त्या आठवड्याच्या शेवटी कोणीतरी त्याच्या घरी जातं. तरुण शिक्षकांपैकी तिघं-चौघं आळीपाळीने जातात. मीही जातो, गुडघे चालतात तोवर.

गेल्या महिन्यात अठरा चिठ्ठ्या होत्या. दमयंतीबाईंनी त्या टेबलावर गावांप्रमाणे लावल्या आणि मला दोन काढून दिल्या, दोन्ही पालीच्या अलीकडच्या. "ह्या तुमच्या, सर. चढ कमी आहे." स्वतःकडे त्यांनी गुहागरच्या बाजूच्या तीन ठेवल्या. रविवारी सकाळी त्या पहिल्या गाडीने गेल्या, संध्याकाळी परतल्या आणि सोमवारी साडेनऊला खिडकीवर हजर होत्या. तीनपैकी एक मुलगी त्यांच्याआधीच रांगेत उभी होती.